बोट केव्हा सोडावी?

आमच्या काष्टीपासून समुद्र फार लांब आहे. श्रीगोंदे तालुक्यातले, दौंड-मनमाड लोहमार्गावरचे हे गाव. जनावरांच्या बाजारासाठी त्याचे नाव दूरवर ठाऊक आहे. मुंबईला जायचे तर दौंड, पुणे करत पावणेतीनशे किलोमीटरांची मजल मारावी लागते. आणि आमच्याकडचे पाणी मुंबईच्या समुद्राला मिळतही नाही. ते भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरात जाते. आमच्या मुलांना पाणी माहीत ते विहिरीचे आणि पाटाचे. पाटाला पाणी आले की आले, गेले की पुढचे आवर्तन येईपर्यंत गेले. दिवसातून दोनदा चढणारे आणि दोनदा उतरणारे पाणी आमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले नाही.

अशा गावातल्या शाळेला समुद्राचे गणित सोडवायचा योग आला, त्याची ही हकीकत.

आमचा एक माजी विद्यार्थी मुंबईत नोकरीला आहे. त्याने तिघा मित्रांबरोबर एक जुनी शिडाची बोट विकत घेतली. लांबी ३४ फूट, जोडीला छोटे डिझेल इंजिन. वर्षभर ते मुंबई बंदराच्या आतल्या आत फिरले. मग त्यांनी किनाऱ्याने दक्षिणेला जायचे ठरवले : गेट वे ऑफ इंडियापासून निघून, खांदेरीला बाहेरून वळसा घालून, मुरूडजवळच्या राजपुरी खाडीपर्यंत, म्हणजे जंजिऱ्याच्या पायथ्याशी. त्याचा फोन आला. “सर, दत्तजयंतीच्या दिवशी सकाळी निघतोय. पौर्णिमा आहे, रात्री चांदणंही मिळेल. तुम्ही येता का?”

मी म्हटले, “येण्याचे नंतर पाहू. पौर्णिमा कशावरून निवडलीस?”

“सुट्टी आहे ना, सर.”

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात मी हाच प्रश्न फळ्यावर लिहिला : मुंबईहून राजपुरीला जाणारी बोट केव्हा सोडावी? मुलांनी आधी विचारले की अंतर किती. तिथूनच सुरुवात करू.

नकाशावरचे अंतर

जमिनीवरचा मैल कुणा राजाने ठरवला असेल. सागरी मैल मात्र पृथ्वीनेच ठरवला आहे. अक्षांशाच्या एका अंशाचे ६० भाग केले की एका भागाला एक मिनिट म्हणतात. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १,८५२ मीटर. त्यामुळे उत्तर-दक्षिण जाणाऱ्या खलाशाला वेगळी मोजपट्टी लागत नाही. नकाशाच्या कडेला छापलेले अक्षांश हीच त्याची पट्टी.

गेट वेचा अक्षांश १८ अंश ५५ मिनिटे उत्तर. जंजिऱ्याचा १८ अंश १८ मिनिटे. वजाबाकी ३७ मिनिटे, म्हणून सरळ दक्षिणेला ३७ सागरी मैल. थोडे पूर्वेला सरकणे आणि खांदेरीचा वळसा धरला तर ४० मैल पुरेत. बोट ताशी सरासरी ५ सागरी मैल जाते. ताशी एक सागरी मैल या वेगाला नॉट म्हणतात. नॉट म्हणजे गाठ. पूर्वी दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारून तिचे टोक फळकुटाला बांधीत, ते पाण्यात सोडीत आणि वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत किती गाठी हातातून गेल्या ते मोजीत. तर ४० भागिले ५, आठ तासांचा प्रवास.

डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. अनोळखी खाडीत अंधारात शिरणे हा शहाणपणा नव्हे. म्हणजे उशिरात उशिरा सकाळी नऊला निघायला हवे, आणि वाटेत दोन तास तरी वाया जातील असे धरले तर सातला. वर्गातली निम्मी मुले इथेच थांबली. त्यांच्या मते उत्तर आले होते. एस.टी.च्या बाबतीत ते बरोबर ठरले असते. पण इथे रस्ता स्वतःच हलतो.

पंचांगातली भरती

भरती-ओहोटी चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणामुळे होते हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. चंद्राकडच्या बाजूचे पाणी त्याच्याकडे थोडे अधिक ओढले जाते, विरुद्ध बाजूचे थोडे कमी. म्हणून पृथ्वीवर पाण्याचे दोन फुगवटे येतात. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी करते तोवर चंद्रही पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला तिला आणखी ५० मिनिटे लागतात. म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, आणि दोन भरत्यांमध्ये १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते.

मुंबईच्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांनी यावरून एक सोपा हिशेब बसवला आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा. जे येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन. दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच.

हे सांगितल्यावर वर्गात जी धांदल उडाली ती मला फार आवडली. समुद्र पावणेतीनशे किलोमीटरांवर, आणि मुंबईतले पाणी आत्ता चढते आहे की उतरते आहे, हे काष्टीतल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतून कळते! एका मुलाने लगेच हिशेब केला, “सर, आज एकादशी. सव्वाआठला भरती होती. आत्ता ओहोटी चालू आहे.”

हा हिशेब का जमतो आणि किती जमतो, हेही पाहिले पाहिजे. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत १५ तिथी. तेवढ्या काळात भरतीची वेळ बाराला निघून घड्याळाला एक फेरी मारते आणि पुन्हा बारावर येते. १२ तासांची मिनिटे ७२०. भागिले १५, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे. पाऊणपट केली की मात्र ४५ मिनिटेच धरली जातात. प्रत्येक तिथीला तीन मिनिटांची ही चूक साठत जाऊन पौर्णिमेला पाऊण तासाची होते : हिशेब सव्वाअकरा सांगतो, भरती येते बाराच्या आसपास. अधिक काटेकोर उत्तर हवे असेल तर पाऊणपटीऐवजी चार-पंचमांश घ्या. पण होडीत उभे राहून तोंडी करायला पाऊणपट सोपी, आणि तांडेलाला अर्ध्या तासाची चूक चालते. शिवाय सूर्याच्या ओढीमुळे भरतीची वेळ थोडी मागेपुढे होतेच. पक्की वेळ हवी असेल त्याने छापील भरतीचे तक्ते पाहावेत.

आणखी एक गोष्ट. हा नियम मुंबईचा आहे. दक्षिणेकडे, गोव्याच्या बाजूला, भरती मुंबईच्या थोडी आधी येते. दुसऱ्या बंदरात हा नियम लावायचा तर आधी तिथे अमावास्येला भरती किती वाजता येते ते विचारून घ्यावे आणि तेवढा फरक धरावा.

उधाण आणि भांग

भरती केव्हा येते हे कळले. ती किती येते?

अमावास्येला आणि पौर्णिमेला चंद्र व सूर्य एका रेषेत ओढतात. तेव्हाची भरती उधाणाची. अष्टमीच्या सुमारास ते एकमेकांशी काटकोनात असतात, एकाने ओढलेले दुसरा काही अंशी सोडवतो. ती भांगाची भरती. सूर्य चंद्रापेक्षा कितीतरी मोठा, पण फार दूर. त्यामुळे त्याची भरती उत्पन्न करण्याची शक्ती चंद्राच्या ४६ टक्के एवढीच. तेव्हा उधाणाला १ अधिक ०.४६, म्हणजे १.४६, भांगाला १ वजा ०.४६, म्हणजे ०.५४. भागाकार सुमारे २.७. उधाणाचा चढ-उतार भांगाच्या पावणेतीन पट असावा असे कागद सांगतो.

आता मुंबई बंदराचे प्रत्यक्ष आकडे पाहा. उधाणाला पाणी सरासरीने ४.४२ मीटरपर्यंत चढते आणि ०.७६ मीटरपर्यंत उतरते. फरक ३.६६ मीटर. भांगाला ते ३.३० मीटरपर्यंत चढते आणि १.८६ पर्यंतच उतरते. फरक १.४४ मीटर. भागाकार करा : अडीचच्या थोडा वर. दोन आकाशस्थ गोलांच्या वजनांवरून आणि अंतरांवरून काढलेले उत्तर अपोलो बंदरावरच्या खुणेशी इतके जुळावे, हे मला दरवर्षी शिकवताना नवलाचे वाटते.

३.६६ मीटर म्हणजे बारा फूट. हे बारा फूट पाणी सहा तासांत उतरते, पण दर तासाला दोन फूट असे नव्हे. झोपाळा जसा टोकाला मंद आणि मध्ये वेगवान असतो, तसेच पाण्याचे. खलाशांचा ठोकताळा असा : पहिल्या तासात एक फूट, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. बेरीज बारा. मधल्या दोन तासांत निम्मे पाणी जाते. तेव्हा बंदराच्या तोंडातून प्रवाहही सर्वांत जोराचा असतो.

आता दत्तजयंतीचा बेत तपासू. पौर्णिमा, भरती सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान, म्हणून पहाटे पाच-सहाला पूर्ण ओहोटी. सकाळी सातला बोट सोडली की पाणी नुकतेच आत येऊ लागलेले आणि तासाभरात ऐन जोरात. समजा प्रवाहाचा वेग २ नॉट आहे. बोटीचे ५ नॉट वजा २, राहिले ३. बंदराबाहेर मोकळ्या समुद्रात पडायला सहा मैल धरले, तर दोन तास मोडले. हीच बोट भांगाच्या ओहोटीबरोबर निघाली आणि प्रवाह १ नॉटचाच असला, तर ५ अधिक १, सहा मैलांना एक तास. तेल तेवढेच, इंजिन तेच, बोट तीच.

खरी अडचण दुसऱ्या टोकाला होती. खाडीच्या तोंडाशी पुष्कळदा वाळूचा दांडा असतो. समुद्री नकाशात खोलीचे आकडे छापतात ते पाणी अगदी खाली गेले असतानाचे. त्यात त्या वेळची भरती मिळवायची. समजा दांड्यावर नकाशात १ मीटर लिहिले आहे. आपल्या मित्रांची बोट पाण्याखाली १.८ मीटर बुडते. मुंबईचेच आकडे वापरले तर उधाणाच्या ओहोटीला तिथे १ अधिक ०.७६, म्हणजे १.७६ मीटर पाणी. बोट टेकली! भांगाच्या ओहोटीला १ अधिक १.८६, म्हणजे २.८६ मीटर. खाली मीटरभर पाणी शिल्लक.

आणि टेकण्या-टेकण्यातही फरक आहे. पाणी चढत असताना बोट वाळूवर बसली तर अर्ध्या तासात पाणीच तिला उचलते. उतरत असताना बसली तर पुढचे कित्येक तास ती तिथेच राहणार, आणि पाणी जाईल तशी एका कुशीवर कलणार. म्हणून खाडीत शिरावे ते पाणी चढत असताना. पौर्णिमेला निघालेली बोट दुपारी चारच्या सुमारास पोचली असती; तेव्हा तिथे ओहोटीचे शेवटचे दोन तास चालू असते.

मुलांनी एकेक तिथी घेऊन पाहिली. वर्गातल्या एका मुलीने उत्तर काढले : मार्गशीर्ष कृष्ण नवमी. नवाची पाऊणपट पावणेसात. चार-पंचमांशाने सात वाजून बारा मिनिटे. सातला सूर्य उगवतो, पाणी नुकतेच बाहेर वळलेले असते. पूर्ण ओहोटी एकच्या सुमारास. म्हणून तीनला राजपुरीशी पोचेपर्यंत पाणी दोन तास चढलेले. दिवस मावळायला आणखी तीन तास. आणि तो भांगाचा काळ.

वारा

वाऱ्याचा विचार करताना आमच्या मुलांना कोकणात जावे लागले नाही. थंडीतल्या पहाटे अंगणातली फरशी पायाला चावते आणि विहिरीचे पाणी मात्र कोमट लागते, हे प्रत्येकाला माहीत आहे. जमीन लवकर तापते, लवकर निवते. पाणी दोन्ही बाबतीत सावकाश. रात्रभर निवलेल्या कोकणच्या जमिनीवरची जड हवा पहाटे समुद्राकडे वाहते, हे मतलई वारे. दुपारी जमीन तापली की समुद्रावरची गार हवा आत येते, हे खारे वारे. हिवाळ्यात मुंबईच्या दक्षिणेला मतलई वारे पूर्व-ईशान्येकडून आणि दुपारचे खारे वारे बहुधा वायव्येकडून येतात. दक्षिणेला जाणाऱ्या शिडाच्या बोटीला दोन्ही सोयीचे : सकाळी डाव्या कुशीवर वारा, दुपारी उजव्या बाजूने मागून. मध्ये अकराच्या सुमारास तास-दीड तास वारा पडतो. तेव्हा इंजिन लावावे, नाहीतर भाकरी सोडावी.

ही सोय पावसाळ्यात संपते. जूनपासून नैर्ऋत्येचा मोसमी वारा सरळ किनाऱ्यावर येतो. चुकलेली बोट समुद्रात न जाता खडकांवर जाते. लाटेतली शक्ती तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे एक मीटरऐवजी तीन मीटर उंचीची लाट तिप्पट नव्हे, नऊपट जोर आणते. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याच्या चालीमागे हे वर्गाचे गणित आहे. गेट वेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीही या दिवसांत बंद ठेवतात.

रामदास

१७ जुलै १९४७ च्या सकाळी, आषाढ अमावास्येच्या सुमारास, ‘रामदास’ ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. अंतर नऊ-दहा मैलांचे. रेवस-अलिबागकडचे चाकरमानी, व्यापारी, बायका-मुले अशी शेकडो माणसे तिच्यावर होती. पाऊस आणि वारा होता. बंदराच्या बाहेर, काशाच्या खडकाजवळ, लाटांनी बोट एका बाजूला कलली. घाबरलेले लोक दुसऱ्या बाजूला धावले, आणि पाहता पाहता बोट उलटून बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. मुंबईला बातमी कळली ती काही तासांनी, पोहून वाचलेल्यांकडून. रेवसच्या बाजूने येणाऱ्या मच्छीमारांनी पुष्कळांना पाण्यातून काढले, एरवी आकडा आणखी वाढता.

बोट उलटते म्हणजे काय होते? आमच्याकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या जातात. वाढे वर काढून, दोन माणसे उंच रचलेली. पाटाच्या कडेच्या वळणावर अशी एखादी ट्रॉली कुशीवर पडलेली सर्वांनी पाहिली आहे. तोच ऊस ट्रॉलीच्या तळाशी बसवता आला असता तर ती पडली नसती. वजन तेवढेच, पण त्याचा मध्य, म्हणजे गुरुत्वमध्य, वर गेला.

बोटीचेही असेच, पण तिला चाके नसल्यामुळे एक गोष्ट जास्त आहे. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे पाणी बोटीला वर रेटते. हा रेटा बोटीच्या बुडालेल्या भागाच्या मध्यातून लागतो. बोट उजवीकडे कलली की तिची उजवी बाजू जास्त बुडते, म्हणून रेट्याचा मध्यही उजवीकडे सरकतो आणि बोटीला पुन्हा सरळ करू पाहतो. वजन खाली असेल तर हा रेटा जिंकतो. वजन फार वर असेल, किंवा कललेल्या बाजूलाच सरकत असेल, तर एका मर्यादेनंतर वजन जिंकते, आणि मग काही क्षणांचा प्रश्न असतो.

माणसे ही सरकणारी वजने आहेत. ६०० माणसे, सरासरी ५० किलो धरली तरी ३० टन. एवढे लोखंड बोटीच्या तळाशी जखडले तर ती अधिक स्थिर होईल. पण तीस टन वजन डेकवर उभे राहून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला धावले, तर काय होईल?

हे घरी करून पाहा. साबणाची प्लॅस्टिकची डबी बादलीत सोडा. तळाशी ओल्या मातीत दहा गोट्या रोवून बसवा. डबी बोटाने कलवून सोडली की ती डुलून सरळ होते. आता माती काढून त्याच दहा गोट्या मोकळ्या ठेवा. डबी जरा कलवा. सगळ्या गोट्या एका बाजूला घरंगळतात, काठ पाण्याखाली जातो आणि डबी भरते. वजन पहिल्याइतकेच होते. आमच्या वर्गात हा प्रयोग झाला तेव्हा पहिल्या वेळी सगळे हसले. मग मी ‘रामदास’ची हकीकत सांगितली, आणि दुसऱ्यांदा डबी बुडाली तेव्हा कुणी हसले नाही.

आमच्या मित्रांच्या बोटीच्या तळाला शिशाचा जड कणा आहे, ते तिचे बसवलेले वजन. म्हणून वाऱ्याने ती कलते पण सहजी उलटत नाही. मात्र पाण्याचे पिंप, डिझेलचे डबे, नांगराची साखळी हे सर्व मोकळे असेल तर त्या गोट्याच. निघण्याच्या आदल्या रात्री ते खाली ठेवून दोरीने आवळायचे, असे मुलांनी त्यांना लिहून पाठवले.

काठावरचा कागद

मी माजी विद्यार्थ्याला फोन करून नवमी सांगितली. तो काही क्षण बोलला नाही. दत्तजयंतीची सुट्टी चौघांनी जमवली होती, एकाने तर रजाही काढली होती. शेवटी म्हणाला, “सर, बाकीच्यांना काय सांगू?” मी वर्गाचे गणित त्याला पाठवले. त्याच्या बाजूने सांगायचे तर, त्याने ते तिघांसमोर ठेवले आणि एका जुन्या तांडेलालाही दाखवले. तांडेलाने कागद पाहिलाच नाही म्हणे. नवमी ऐकून मान हलवली.

माझे त्याच्याकडे दोनच हट्ट होते. पहिला, जाकीट अंगात घालून निघायचे, बाकाखाली ठेवून नव्हे. पाण्यात माणसाच्या शरीराचे बहुतेक वजन पाणीच पेलते. डोके मात्र बाहेर ठेवायचे असते आणि त्याचे वजन चार-पाच किलो. साधारण १०० न्यूटन रेट्याचे जाकीट दहा किलो उचलते, म्हणून माणूस बेशुद्ध असला तरी तोंड पाण्यावर राहते. पण पाण्यात पडल्यावर ते अंगात चढवणे हे फार थोड्यांना जमते.

दुसरा हट्ट कागदाचा. बोटीचे नाव, रंग, माणसे किती, कोणत्या वाटेने, किती वाजता निघणार, किती वाजेपर्यंत पोचणार, हे लिहून काठावरच्या एका जबाबदार माणसाकडे द्यायचे. सायंकाळी सहापर्यंत निरोप आला नाही तर त्याने तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकाला कळवायचे. किनाऱ्यापासून दूर मोबाईल चालेलच असे नाही. बोटीवर सागरी रेडिओ असतो आणि संकटाची हाक त्याच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर देतात. पण बोट उलटली तर रेडिओही पाण्यात जातो. कागद काठावर राहतो. तो कागद आमच्या वर्गाकडे आला. मुलांनी तो फळ्याशेजारी लावला.

मी गेलो नाही. सहामाहीचे पेपर तपासायचे होते, आणि खरे सांगायचे तर मला बोट लागते.

नवमीच्या सकाळी पहिल्या तासाच्या आधीच निरोप आला : ७ वाजून ५ मिनिटांनी दोर सोडला. तक्त्यात भरती आमच्या हिशेबाच्या थोडी आधी निघाली होती, पण पाणी बाहेरच चालले होते. साडेअकराला खांदेरीच्या पुढून दुसरा निरोप : वारा पडला, इंजिन लावले आहे. मग काही नाही. दोन वाजले, अडीच वाजले. वर्गातल्या मुलांचे लक्ष गणिताकडे नव्हते, आणि माझेही नव्हते. ३ वाजून २० मिनिटांनी फोन वाजला. राजपुरीत नांगर टाकला होता.

मुलांनी लगेच भागाकार केला. सव्वाआठ तास, ४० मैल : सरासरी ४.८५ नॉट.

तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला. “सर, चंद्र सगळ्या पाण्याला ओढतो, तर मग भिगवणला उजनीच्या पाण्याला भरती का येत नाही?” येते, पण दिसत नाही. भरती होते ती पाण्याच्या एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला चंद्राची ओढ वेगळी लागते म्हणून. महासागर हजारो किलोमीटर पसरलेला आहे. उजनीचा जलाशय त्यामानाने चिमूटभर; त्याच्या दोन्ही टोकांना ओढ जवळजवळ सारखीच. हिशेबाने तिथली भरती काही मिलिमीटरांची येईल, आणि जरा वारा सुटला तरी लाट त्याहून मोठी उठते. उघड्या महासागरातसुद्धा चंद्र-सूर्यांच्या ओढीने पाणी मीटरभराच्या आतच चढते. मुंबईला त्याचे बारा फूट होतात, कारण तिथे समुद्रबूड फार दूरवर उथळ आहे आणि उत्तरेला खंबायतच्या आखाताचा निमुळता होत गेलेला नरसाळ्यासारखा आकार आहे. पाणी त्यात कोंडते आणि चढते. भावनगरला तर उधाणाचा चढ-उतार दहा मीटरांच्या आसपास जातो. गोव्याला तो दोन मीटरही जेमतेम.

“मग भावनगरहून बोट केव्हा सोडायची, सर?” त्याने विचारले. मी त्याला दिनदर्शिका भिंतीवरून काढून दिली, आणि भावनगरला अमावास्येला भरती किती वाजता येते ते आधी शोधून काढ म्हणून सांगितले.